सोळावा सोमवार आणि सव्वीस वड्या

सोळाव्या सोमवारी वनमालाबाईंच्या गॅसवर कीबोर्डची बटणं मुरत होती. पांढऱ्या कीबोर्डचा देवश्रीला कंटाळा आला होता. अक्षरांची तेवढी सव्वीस बटणं उपसून तिनं जुन्या पातेल्यात, कपडे रंगवायच्या गुलाबी रंगात सोडली.

"आई, पाण्याला उकळी येऊ देऊ नको. रंग चढला की धुऊन ताटात पसर. उद्या नवाला मला कामाला बसायचंय," असं सांगून लेक धाराशिवला मैत्रिणीकडं गेली.

वनमालाबाईंनी नुसती मान डोलावली. सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे. पंधरा सोमवार निभावले होते. आज एक शब्द निसटला, तर पुन्हा पहिल्यापासून.

बटणं सुरेख रंगली. ताटात पसरली तर थेट नारळाच्या वड्याच. त्या समाधानानं देवापुढं जप करायला बसल्या, तेवढ्यात शेजारच्या मल्लम्मा प्रसादाच्या वड्या न्यायला आल्या. त्या दर सोमवारी येत. दार नवऱ्यानं, मार्तंडरावांनी उघडलं. त्यांचा चष्मा शनिवारपासून दुरुस्तीला पडला होता.

"या मल्लम्मा. हिच्या वड्या तयार दिसतात," ते ताट चाचपत म्हणाले. "कडक झाल्यात जरा. पाक पुढं गेलाय."

चाळीस वर्षांत वनमालाबाईंचा पाक कधी पुढं गेला नव्हता. तरी ओठ मिटून त्यांनी जोरजोरात हात हलवले.

"व्हय व्हय, देतोय की. सगळ्याच देतो. आपल्याला दात कुठं राहिलेत?"

वनमालाबाईंनी कॅलेंडरचं पान फाडलं, मागं लिहिलं, नवऱ्याच्या नाकापुढं धरलं.

"ठेव तिथं. चष्मा आला की वाचतो."

मल्लम्मांनी प्रसाद पदरात घेतला, कपाळाला लावला. "उपास हाय अक्का. सांजंला सोडताना खाते."

वनमालाबाई चपला शोधून मागं धावल्या, तर शेजारच्या दाराला कुलूप. मल्लम्मा तशाच महादेवाला गेल्या होत्या. मग वनमालाबाई त्यांच्या पायरीवर बसल्या. मल्लम्मांचे पुढचे दोन दात आधीच हलत होते. ते पडले तर पाप कुणाच्या माथी, आणि लेक उद्या काम कशावर करणार, हाच जप दिवसभर चालला.

दिवे लागले तशा मल्लम्मा आल्या, त्या वेगळ्याच चेहऱ्यानं.

"अक्का, देवळातच उपास सोडाया बसले वो. एक तोंडाशी नेली आन् तिच्यावर अक्षर दिसलं. नातीनं मला इंग्रजी सही शिकवली न्हवं? तिच्यातलं पयलं अक्षर. माझं." त्यांनी पदर सोडला. "ह्या बाकीच्या तुमच्या तुम्ही घ्या. देवानं मला येवढीच धाडलीया. ही म्या देव्हाऱ्यात ठेवणार. देवाचंच काम न्हवं का, अक्का? खरं सांगा."

देवळातली सांजेची घंटा वाजून गेली होती. मौन सुटलं होतं. वनमालाबाईंनी तोंड उघडलं, मल्लम्मांच्या भरलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि तोंड मिटून हात जोडले.

रात्री धाराशिवहून परतल्यावर देवश्रीनं बटणं बसवायला घेतली. शेवटी एक भोक उरलं.

"आई, एम कुठाय?"

"सांग की," मार्तंडराव म्हणाले. "दिवे कधीच लागलेत. सोळा झाले तुझे."

वनमालाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि सतरावा धरला.