पांदणीतला उलटा माणूस

कोळशाच्या ट्रकनं इंद्रजित सरांच्या स्कूटरचा उजवा आरसा उडवून नेला, त्या संध्याकाळी सरांनी वहीत दोन रकाने आखले. एकात हमरस्ता, दुसऱ्यात पांदण. मारेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून शाळा चार किलोमीटर, आणि जायला हे दोनच मार्ग. पांदण म्हणजे कापसाच्या वावरांमधून जाणारी बैलगाडीची वाट. तिच्यावर ट्रक नव्हते. पण गेल्या पंधरवड्यापासून वाघाचे ठसे दिसत होते.

सर विज्ञान शिकवत. नुसती भीती वाटते म्हणून ते काही ठरवत नसत. हमरस्त्यावर वर्षभरात किती माणसं गेली आणि वाघानं किती नेली, हे त्यांनी आठवून आठवून लिहिलं. ट्रकखाली बारा, वाघाच्या तोंडी एकही नाही. उद्यापासून पांदणीनं पायी जाणार, असं त्यांनी बायकोला, ममताला, सांगून टाकलं. ममता म्हणाली, वाघ काही तुमची वही वाचत नाही. हे मात्र सरांना पटलं, म्हणून त्यांनी एक खबरदारी घेतली.

वाघ पाठीमागून येतो, आपल्याकडे बघणाऱ्यावर सहसा झडप घालत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमधला राजाचा मुखवटा घरी पडून होता. गुलाबी गाल, आकडेबाज मिशा, वटारलेले डोळे. दुसऱ्या दिवशी गाव मागं पडल्यावर सरांनी तो डोक्याच्या मागच्या बाजूला बांधला आणि वाघाला चाहूल लागावी म्हणून सतराचा पाढा म्हणत झपाझप निघाले. शाळा दिसू लागताच मुखवटा काढून पिशवीत टाकला.

बकऱ्या चारणाऱ्या धावजीनं त्यांना पाठीमागून पाहिलं. आपण पाठीमागून पाहतो आहोत हे त्याला कळलंच नाही. त्याला दिसला एक मिशीवाला, थेट त्याच्याकडे डोळे वटारून बघणारा. पण बघता बघता तो लांब लांब चालला होता, आणि त्याची पावलं उलटी पडत होती. उलट्या पावलांचं कोण असतं हे धावजीला लहानपणापासून ठाऊक होतं. बकऱ्या तिथंच टाकून तो गावात आला. दुपारपर्यंत त्या मिशीवाल्याला सुळे फुटले, आणि संध्याकाळी तो रामरावांच्या वावरात बसून विडी पीत असल्याचंही दोघांनी पाहिलं.

रामरावांचा बारा एकर कापूस फुटून उभा होता आणि वेचणाऱ्या बाया याच पांदणीनं पायी जात. वाघाचे ठसे दिसले तेव्हा सुखीबाईनं सगळ्यांच्या वतीनं त्यांच्याकडे ट्रॅक्टर मागितला होता. रामरावांनी हसून समजावलं होतं की वाघ आपल्या वाटेनं जातो, तुम्ही आपल्या वाटेनं जा. एवढ्या-तेवढ्याला भ्यायलं तर शेती होत नसते. भुताची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली बायांच्या दारात उभी राहिली. पुढं रामराव स्वतः, खिशात लिंबू, सोबत काठ्या घेतलेले दोन गडी.

सरांनी मुखवट्याचं घरीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ममतानं त्यांची वाट अडवली.

"मी भूतबीत काही मानत नाही, पण तुमी पांदणीनं जाऊ नका."

"वाघ होता तवा तं तू अडवलं नाही मले."

"वाघ दिसते तरी."

त्यातच रामरावांचा निरोप आला. लोक घाबरले आहेत, तेव्हा संध्याकाळी ग्रामपंचायतीत सरांनी दोन शब्द सांगावेत. सगळं कबूल करायचं असं मनाशी ठरवून सर शर्ट बदलत होते, तोच सुखीबाई ओट्यावर येऊन बसली.

"सर, तुमी मुखोट्याचं सांगून देसान का आज?"

सरांच्या हातातलं बटण हातातच राहिलं. सुखीबाईनं शांतपणे सांगितलं की बायांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. छत्री काखेत धरून एका खांद्यात वाकून चालणारा माणूस गावात एकच आहे. सर माफी मागू लागले. तिनं हात हलवून ती बाजूला सारली.

"वाघ भेटला असता तं आमाले भेटला असता, सर. भूत रामरावलेबी भेटू शकते. म्हणून ट्रॅक्टर आला. वेचाई होऊ द्या, मंग सांगा."

ग्रामपंचायतीत सर उभे राहिले. खोटं त्यांना बोलता येईना आणि खरंही सांगवेना. भूत नसतं, असं ते ठामपणे म्हणाले. वाघ मात्र असतो, आणि माणसाला वाटेनं जायला सोबत लागते, तेव्हा ट्रॅक्टर बंद करू नये.

"बरोबर आहे सर, नसतेच," रामराव म्हणाले. "तरी ट्रॅक्टर राहू द्या. अन् तुमीबी ट्रॉलीतच बसत जा."

सर ट्रॉलीतून जाऊ लागले. ट्रॉलीत दाटी असे म्हणून त्यांची पिशवी सुखीबाई मांडीवर घेई. आता पांदणीत कुणी दिसेना. सहाव्या दिवशी सकाळी रामरावांनी जाहीर केलं, बाधा टळली, उद्यापासून पायी या.

त्याच संध्याकाळी परतताना धावजी ट्रॉलीला आडवा आला. त्याला धाप लागली होती. ते पुन्हा दिसलं होतं, आज दुपारीच. मिशा त्याच, पण या खेपेला अंगावर हिरवं लुगडं होतं.

सरांनी पिशवीत हात घातला. मुखवटा नव्हता. समोर सुखीबाई आपल्या हिरव्या लुगड्याला चिकटलेली काटेरी गोखरं एकेक करून काढत बसली होती.

"ट्रॅक्टर उद्या जरा लवकरच आणतो," रामराव म्हणाले.