शंका शेवटी विचाराव्यात

भूगोलाच्या सरांनी एका दिवसासाठी अख्खी बोट भाड्याने घेतली ती काही हौसेने नाही. साडूचं एक वाक्य त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

हे वाक्य साडू बोलला तोही सरांच्याच घरात, सरांच्याच खुर्चीवर, सरांचाच चहा पिताना. "काय हो साडूभाऊ, एकतीस वर्षं हा किनारा शिकवताय. कधी पाण्यातून बघितलाय का?"

"बघायची गरज काय?" सर म्हणाले. "नकाशा आहे ना."

साडू हसला. तो विम्याच्या कंपनीत होता, त्यामुळे लोकांच्या खात्रीला हसायची त्याला सवयच होती. मेहुणीही हसली. त्याचं सरांना काही वाटलं नाही. पण त्यांची स्वतःची बायकोसुद्धा कपात तोंड घालून हसली, तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला आणि धक्क्यावरच्या बोटवाल्याला लावला.

"येत्या रविवारी बोट मिळेल का? खासगी. आम्ही चौघंच."

पलीकडच्याला आवाज ओळखीचा वाटला. मग बोटवाल्याने विचारलं, "शाळेतले भूगोलाचे सर का?"

"हो. का?"

"काही नाही. रविवार नको सर, शनिवारी या. सकाळी साडेनऊला. शनिवारची ओहोटी फार झकास आहे."

ओहोटीत झकास असण्यासारखं काय असतं, हे सरांनी विचारलं नाही. प्रश्न विचारायची त्यांना सवयच नव्हती. त्यांच्या वर्गाचा नियम सगळ्या गावाला पाठ होता: सर बोलत असताना कोणी बोलायचं नाही. शंका असेल तर हात वर करायचा आणि सरांनी 'बोल' म्हणेपर्यंत तो तसाच ठेवायचा. आणि सर 'बोल' म्हणायचे ते तासाच्या शेवटी. तोवर घंटा व्हायची. हाच नियम घरीही लागू होता, फक्त घरी घंटा नव्हती.

शनिवार तसा अडचणीचा होता. त्याच संध्याकाळी पाच वाजता शाळेत सरांचा निरोप समारंभ होता. समारंभाचं एवढं काही नाही, पण त्यात नकाशाचं अनावरण होतं. सबंध सुट्टीभर शिडीवर उभं राहून सरांनी सभागृहाच्या भिंतीवर किनाऱ्याचा बारा फुटी नकाशा रंगवला होता. नोकरी संपली की सरांचं शाळेत म्हणून जे काही उरणार होतं ते एवढंच. आता त्यावर मखमली पडदा पडलेला होता आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तो स्वतःच्या हाताने ओढणार होत्या.

"चारला परत येऊ," सरांनी बायकोला सांगितलं.

"अहो, पण मी काय म्हणते..."

"शेवटी," सर म्हणाले.

शनिवारी धक्क्यावर बोटवाला उभाच होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, दाट मिश्यांचा. त्याने वाकून नमस्कार केला. "ओळखलंत का सर? नववी ब. रोल नंबर पस्तीस. शेवटचा बाक."

"अरे, तू होय! आठवतोस की!" सर म्हणाले. त्यांना काडीचंही आठवत नव्हतं, पण एकतीस वर्षांत हे वाक्य इतकं सरावाचं झालं होतं की ते अगदी मनापासून आल्यासारखं वाटायचं.

बोट सुटली. बोट छान होती, वर कापडी छत, दोन्ही बाजूंना गादीचे बाक. मेहुणीने सँडविचचा डबा उघडला, साडूने बूट काढून पाय पसरले. समुद्र असा काही निळा होता आणि कडे असे काही उंच होते की बायकोने "अगं बाई, काय सुंदर!" म्हणून हात जोडले. सरांनी मात्र पिशवीतून भिंतीवरच्या नकाशाची छोटी प्रत काढली, घडीची छडी काढली, उलगडली आणि बोटीच्या मधोमध उभे राहिले.

"डावीकडे बघा. हे भूशिर. नकाशात क्रमांक चार."

सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. भूशिर खरोखरच तिथे होतं. सरांचा चेहरा उजळला. पुढची खाडीही क्रमांक पाचला बरोबर निघाली. दीपगृह क्रमांक सहाला. साडूने दुसरं सँडविच मुकाट्याने खाल्लं. सरांना चालत्या बोटीत कसंसंच होत होतं, पण विजयापुढे त्यांना पोटाचं भान नव्हतं.

दीपगृह अजून पुढे असतानाच बोटवाला बोट बाहेर, खोल समुद्राकडे वळवू लागला.

"इकडे कुठे?" सरांनी छडीने नकाशा ठोकला. "हा वळसा कशाला? भूशिर आणि दीपगृह यांच्या मधल्या पाण्यातून सरळ घे. अर्धा तास वाचेल."

बोटवाल्याने सुकाणूवरचा डावा हात तसाच ठेवून उजवा हात वर केला.

"शंका शेवटी," सर म्हणाले. "इथे बघा सगळे. एवढा पट्टा सलग निळा. म्हणजे काय? म्हणजे खोल पाणी."

बोटवाल्याने बोट मधून घातली. हात वरच होता. सर समुद्राच्या खोलीवर बोलत होते, लाटांनी कडे कसे झिजतात यावर बोलत होते, मग कड्यांच्या नावांवर बोलले. बोटवाला एका हाताने बोट चालवत होता आणि दुसरा हात छताला टेकवून धरून होता.

"भाऊजी, ते बोटवाले काहीतरी सांगतायत," मेहुणी म्हणाली.

"सांगेल तो. त्याला नियम माहीत आहे."

"अहो, पाणी पिवळं दिसतंय," बायको म्हणाली.

"शेव..."

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. खालून खर्रर्र असा आवाज आला, बोटीने एक आचका दिला आणि सर छडीसकट साडूच्या मांडीवर येऊन बसले. उरलेली सँडविचेस मेहुणीच्या पदरात पडली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"काय झालं?" साडूने सरांच्या पाठीमागून विचारलं.

बोटवाला हात वर करून सरांकडे बघत राहिला.

"बोल!" सर ओरडले.

"वाळूत रुतलो, सर. इथे ओहोटीला बेट निघतं. हेच विचारत होतो, जायचं का म्हणून."

"मग सांगायचं नाहीस?"

"हात वर केला होता की, सर."

मेहुणीने तोंडाला पदर लावला. सरांची छडी हळूहळू आपोआप मिटली.

अर्ध्या तासात पाणी इतकं उतरलं की बोट एका अंगाला कलली आणि चहूबाजूंनी पिवळीजर्द वाळू वर आली. चांगला दीड-दोनशे पावलं लांब दांडा. बोटवाल्याने शिडी लावली. सगळे चपला हातात घेऊन उतरले. सरही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि नकाशात जिथे निव्वळ निळा रंग होता तिथे दोन पायांवर उभे राहिले.

"सुटणार कधी आपण?" त्यांनी विचारलं.

"भरती लागली की. पावणेचारला बोट तरंगेल. घाबरू नका, धोका काही नाही."

पाचचा समारंभ सरांच्या डोळ्यांपुढे नाचू लागला. पण त्याहून वाईट म्हणजे पडद्यामागचा नकाशा. बारा फुटी, तैलरंगात, जन्मभर टिकणारा. आणि चुकलेला.

"साडूभाऊ," साडू वाळूत बोटं रुतवत म्हणाला, "हे बेट तुमच्या नकाशात नाही ते कसं काय?"

"आमच्या आधीच्या सरांच्या नकाशातही नव्हतं," सर तुटकपणे म्हणाले. "मी त्यांच्यावरून काढला."

"आणि त्यांनी?"

"त्यांच्या आधीच्या सरांवरून."

"म्हणजे कॉपी!" साडूला इतका आनंद झाला की तो वाळूत बसलाच.

कॉपी करणाऱ्याला एकतीस वर्षं वर्गाबाहेर उभं करणाऱ्या माणसाने हातातल्या नकाशाची घडी घातली. तेवढ्यात बोटवाला बोटीत चढला, परवान्याचे कागद ठेवायच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक पिवळा कागद काढून आला आणि सरांपुढे धरला. वार्षिक परीक्षेचा नकाशा होता. पोराच्या हातची वेडीवाकडी किनाररेषा, भूशिर, दीपगृह आणि दोघांच्या मधे एक लांबोडकं बेट. शेजारी लिहिलं होतं: 'इथे ओहोटीला वाळू वर येते. बाबांची होडी अडकली होती.' त्याखाली लाल शाईत पाचांपैकी भोपळा, आणि सरांचं वळणदार अक्षर: 'कल्पनाविलास नको. नकाशात नाही ते काढू नये.'

"तीन मार्कांनी गेलो, सर," बोटवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बाबा म्हणाले, पुन्हा नववीत बसण्यापेक्षा होडीवर ये. आलो. बरं चाललंय, आता दोन बोटी आहेत. पण तेव्हा रडलो होतो."

सरांना फार लाज वाटली. अंगावरच्या घामाचीही वाटली, हातातल्या छडीचीही वाटली. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकमधून बाहेर काढला. मग खिशातलं लाल पेन काढून त्यांनी भोपळा खोडला आणि शेजारी आकडा घातला.

बोटवाल्याने वाचलं. "साडेचार?"

"उत्तर दिशेचा बाण काढलेला नाहीस," सर पेनाला टोपण लावत म्हणाले. "बाण नसला की माझ्याकडे अर्धा मार्क जातो. मग कोणी का असेना."

बोटवाला मान मागे टाकून हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "काय रे, शनिवारच ये म्हणून तूच सांगितलंस ना?"

बोटवाल्याने इंजिनाकडे बघितलं, मग क्षितिजाकडे बघितलं. "ओहोटी झकास होती, सर."

सरांच्या बायकोने संत्रं सोललं आणि अर्ध्याहून जास्त फोडी बोटवाल्याच्या हातावर ठेवल्या.

बोट पावणेचारला तरंगली. धक्क्यापर्यंत बोटवाल्याने ती अशी काही पळवली की साडूने डोळे मिटून घेतले. तिथून टॅक्सी. सभागृहात पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, पाहुणे बसले होते, मोठ्या बाई पडद्याच्या दोरीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"दोनच मिनिटं," म्हणून सर पडद्यामागे शिरले.

शिडीखाली रंगाचे डबे अजून पडलेले होते. समोर बसलेल्या पाचशे माणसांना पडद्याखाली फक्त दोन उघड्या पोटऱ्या, वर दुमडलेली पँट आणि वाळूने माखलेले पाय दिसत होते. पाय टाचा उंचावत होते, मधेच डबा लवंडल्याचा आवाज येत होता. मग सर बाहेर आले. नाकाला पिवळा रंग लागला होता. मोठ्या बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि दोरी ओढली.

आता तैलरंग काही दोन मिनिटांत वाळत नाही. मखमल सरकली ती नवं बेट बरोबर घेऊनच. सरांनी काढलेला नीटस ठिपका भूशिरापासून दीपगृहाच्या दारापर्यंत हातभर फरफटत गेला. सभागृहात टाळ्या सुरू व्हायच्या आतच थांबल्या. एकतीस वर्षं आणि शेवटी हे!

तेवढ्यात अगदी मागच्या रांगेत एक रुंद हात वर गेला. बोटीत विसरलेली छडी द्यायला बोटवाला मागोमाग आला होता.

सवयीने सरांच्या ओठांवर 'शेवटी' आलं. त्यांनी ते गिळलं.

"बोल," ते म्हणाले.

सभागृहातल्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी माना वळवल्या. हे कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

"बेटाचा आकार आता बरोबर झाला, सर," बोटवाला उभा राहून म्हणाला. "दांडा असाच लांब आहे. नुसता ठिपका चुकला असता."

साडूने सगळ्यांत आधी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह वाजवू लागलं. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण बोटवाल्याचा हात अजून वरच होता.

"अजून काय?"

"उत्तर दिशेचा बाण राहिलाय, सर."

सरांनी वळून नकाशा पाहिला. वरचा उजवा कोपरा पाहिला, डावा पाहिला, खालचे दोन्ही पाहिले. बाण कुठेच नव्हता. त्यांनी लाल पेन काढलं आणि सबंध सभागृहादेखत बारा फुटी नकाशाच्या कोपऱ्यात 'साडेचार' लिहिलं. मग घाम पुसून भाषणाकडे वळले, तर पहिल्या रांगेत त्यांची बायको हात वर करून बसली होती.