सावळूच्या छातीतला डोंगर

मुलांनो, एका जंगलात एक डोंगर होता. म्हणजे थोडा शिल्लक होता. बाकीचा तरसशेठने फोडून विकला होता.

फोडायच्या कामावर सावळू होता. सावळू जातीने अस्वल. दिवसभर दगडाला भोके पाडी. पांढरी धूळ उडे, नाकातोंडात जाई. संध्याकाळी शेठ प्रत्येक कामगाराला गुळाचा खडा देई. गुळाला धूळ चिकटते आणि पोटात जाते, असे शेठचे शास्त्र होते.

आठ वर्षांनी सावळूला मधाच्या झाडावर चढवेना. दुसऱ्याच फांदीला धाप लागे. बगळा डॉक्टरांनी छातीला चोच लावली.

"क्षय आहे. विड्या सोड."

"मी ओढतच नाही, डॉक्टर."

"मग सोडायला सोपं जाईल."

सहा महिने गोळ्या झाल्या. धाप वाढली. सावळूची बायको पारू शेठकडे गेली.

"शेठ, गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत. दोघांची गाठ पडते कुठं? त्यापेक्षा दगडावर पाणी मारा. धूळ उडणारच नाही."

"आठ वर्षं गूळ खाल्ला, तेव्हा नाही सुचलं हे?"

पुढे खाणीची तपासणी निघाली. मोरसाहेब येणार होते. त्यांचा पिसारा मळू नये म्हणून शेठने पहाटेपासून पाणी मारले. त्या दिवशी धूळ उडाली नाही.

पारू हात जोडून म्हणाली, "साहेब, रोज येत जा हो!"

साहेबांना वाटले, पिसारा आवडला. खुशीत त्यांनी शेरा मारला: 'खाणीत धूळ आढळली नाही.' दुसऱ्या दिवशी पाणी बंद.

छातीत शिरलेली धूळ मात्र बाहेर येत नसते. पौषात सावळू गेला.

जंगलात शवविच्छेदन गिधाडे करतात. थोरल्या गिधाडाची चोच फुप्फुसावर खट्‌कन वाजली. "क्षय कसला, बाई! सिलिकोसिस. दगडाची धूळ साचून फुप्फुसं घट्ट झालीत."

पारू तडक शेठसमोर उभी राहिली. "आता बोला. ही तुमच्याच डोंगराची धूळ. भरपाई द्या."

शेठने साहेबांचा शेरा दाखवला. मग डोळे बारीक केले.

"धूळ नव्हतीच. म्हणजे सावळू माझा दगड छातीत लपवून रोज घरी नेत होता! पारूबाई, चोरीची तक्रार करत नाही, हे उपकार समजा."

तात्पर्य: कामावर असताना श्वास घेऊ नये. घ्यावाच लागला, तर आधी पिसारा फुटू द्यावा.