प्रल्हादभाऊंचा घरजावई

आमच्या ऑफिसातले प्रल्हादभाऊ नव्या कोडला जुन्यात घेण्याआधी नियम ऐकवतात. मोठ्यानं, स्क्रीनकडे बोट नाचवत.

"आयक राजा. हे एक खोली तुयी. इथंच खाचं, इथंच झोपाचं. मालकाच्या सैपाकघरात हात घालाचा नाई. काई बदल केला तं आवाज देऊन सांगाचं. आन् जाशीन तवा पसारा आवरून जाशीन."

पहिल्या दिवशी हे ऐकून मी मागे वळून पाहिलं, कोणी भाडेकरू आलाय की काय. 'राजा' म्हणजे मी लिहिलेला तीनशे ओळींचा एक तुकडा होता.

साकोलीत आमचं चार खुर्च्यांचं ऑफिस आहे. राईस मिलवाल्यांसाठी आम्ही प्रोग्राम करतो. कोणत्या शेतकऱ्याचं धान आलं, किती पोती, वजन किती, ओलावा किती. मूळ प्रोग्राम प्रल्हादभाऊंनी बारा वर्षांपूर्वी अँग्युलर नावाच्या साधनाच्या पहिल्या अवतारात लिहिला. त्या अवताराला आता जगात कोणी विचारत नाही. मी पुण्याहून परत आले ती रिअॅक्ट हे नवं साधन शिकून आणि नाकाने कांदे सोलत. आल्या आल्या साहेबांना सांगितलं, हे सगळं पाडा, नव्यानं बांधू. प्रल्हादभाऊंना अँग्युलरशिवाय दुसरं काही येत नाही, प्रोग्राम गेला की त्यांची खुर्चीही जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं. दुसऱ्याच्या खुर्चीबद्दल मी तेव्हा फार उदार होते.

"पाडाचं काहून पोरी?" प्रल्हादभाऊ म्हणाले. "जुन्या घरात एक खोली रिकामी करून देतो. तुयं नवं राहू दे तिथं. घरजावई!"

म्हणजे पान जुनंच, पण त्याच्या मधल्या रिकाम्या चौकोनात माझा रिअॅक्टचा तुकडा. साहेबांनी तोड काढली. तुमसरकडच्या एका मिलवाल्यासमोर हे चालवून दाखवा. जमलं तर जुनं राहील, फसलं तर ज्याची चूक निघेल ते मोडीत.

पुढचे दोन महिने ऑफिसात त्या जावयाशिवाय विषय नव्हता. तुकडा नीट दिसला की "जावई जेवला". चूक दाखवणारी लाल अक्षरं आली की "जावई रुसला". एकदा माझ्या बटनांचा निळा रंग साऱ्या जुन्या पानावर पसरला, तर मला हाक मारून म्हणाले, "पाह्य, जावयानं सासऱ्याच्या भिंती रंगवल्या." डबा खातानासुद्धा घास हातात धरून विचारायचे, "त्याले काई कमी तं नाई ना?" मी म्हणायचे, "भाऊ, तो कोड आहे." त्यावर ते म्हणायचे, "मंग काय झालं?"

मिलवाले शेठ आले. डावीकडे शेतकऱ्यांची यादी, ती जुनी. मधल्या चौकोनात धरमकाट्यावरचं, म्हणजे मिलच्या मोठ्या वजनकाट्यावरचं वजन आणि शेतकऱ्याचं नाव, ते माझं. आंधळगावच्या शेतकऱ्याचं नाव निवडलं, वजन झकास आलं. मग शेठनी यादीत बपेऱ्याच्या शेतकऱ्यावर बोट ठेवलं. यादीतलं नाव बदललं, पण माझ्या चौकोनात आंधळगाववालाच बसून राहिला. बपेऱ्याचं धान आंधळगावच्या नावावर चढलं.

"मिलमधी मारामाऱ्या लावता काय बाप्पा?" शेठ म्हणाले.

चौकोन माझा, चूक माझ्या चौकोनात दिसत होती. प्रल्हादभाऊ नुसते गप्प बसले असते तरी त्यांची खुर्ची वाचली असती.

ते उभे राहिले. "जावयाची चूक नाई जी. यादीत माणूस बदलला हे त्याले कोणी सांगतलंच नाई. तो बिचारा आपल्या खोलीत बसून राहिला. सांगणं जुन्या घराचं काम होतं, आन् जुनं घर मी बांधलं आहे."

"मंग जुनंच मोडीत काढू," साहेब म्हणाले. शेठ चहा न घेताच गेले. प्रल्हादभाऊंनी लगेच बसून दोन ओळी जोडल्या, इकडे नाव बदललं की तिकडे कळवणाऱ्या. चौकोन चालू लागला, पण पाहायला मी एकटीच होते.

संध्याकाळी त्यांची गाडी पंक्चर होती, म्हणून माझ्या स्कूटीवर त्यांना एकोडीला घरी सोडलं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. वाढता वाढता मी दिवसाची हकिगत सांगितली तशा त्या हसल्या.

"यायले घरजावयाचं नाई कळन तं कोणाले कळन? बपेऱ्याहून आमच्या घरी आले. आम्हाले भाऊ नवता ना. पण बाबा यायले काईच सांगत नवते. माया लहान बहिणीचं लगन ठरलं, तं यायले बँडवाल्यानं रस्त्यात इचारलं, नवरदेव कोठचा म्हणून. तवा कळलं."

"बँडवाला चांगला माणूस होता," प्रल्हादभाऊ म्हणाले आणि भात मागितला.

दोन महिने मी ज्याच्या बोलण्याला वेडेपणा म्हणून हसत होते, तो माणूस रोज एका परक्याची सोय लावत होता. आणि मी त्याच माणसाला घराबाहेर काढायला निघाले होते. मला स्वतःची लाज वाटली, ती अशी साधी, उघडी लाज.

सकाळी ऑफिस उघडताच मी साहेबांसमोर जाऊन बसले. म्हटलं, पाडायचं नाही. एकेक खोली बदलत जाऊ, पण जुनं घर ओळखणारा माणूस लागेल. प्रल्हादभाऊ नसतील तर मीही नाही.

"तूच तं पाडा म्हणत होती."

"चुकलं माझं."

"ठीक आहे. शेठले मी समजावतो. पण प्रल्हादले आत्ताच काई बोलू नोको. सोमवारी मिटिंगमधी साऱ्यायले एकदमच सांगू."

मी "हो" म्हटलं, दार लोटलं आणि सरळ प्रल्हादभाऊंच्या टेबलाशी गेले.

"भाऊ, जुना प्रोग्राम राहणार. तुमीबी."

"कोणाकोणाले माईत आहे?"

"कोणालेच नाई. सोमवारी सांगणार आहेत. तुमाले पयले सांगतलं."

"मले पयले?" त्यांनी दोनदा विचारलं. मग खिशातून मोबाइल काढून काकूंना फोन लावला. नोकरी वाचली हे सांगायचं राहिलंच.

"आयकलं काय," ते म्हणाले, "पोरीनं मले साऱ्यायच्या आंधी सांगतलं."