खंडेनवमीला ग्राफिक्स कार्ड पाटावर

यंत्र म्हणजे यंत्र. मग ते चाकणच्या कंपनीतलं अजस्र प्रेस असो की घरातला संगणक, माझ्या हाताखाली आलं की गुमान चालतं. मी मेंटेनन्सचा माणूस. माझी लेक दीपमाला आकुर्डीच्या कॉलेजात अॅनिमेशन शिकते. तिच्यासाठी संगणक घ्यायची वेळ आली तेव्हा मी दुकानदाराच्या नादी लागलोच नाही. सुटे भाग आणले आणि स्वतः जोडला!

या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे. रॅमचे भाव असे चढलेत की सराफानेही तोंडात बोट घालावं. सगळी रॅम म्हणे एआयवाले उचलून नेतात. ग्राफिक्स कार्डं इतकी लांब आणि जड झालीत की त्यांना खालून टेकू द्यावा लागतो. हे सगळं मला हौशी लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतं. तिथे प्रोसेसर हवेने थंड करावा की पाण्याने, आणि उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट त्याला किती फासावी, यावर बांधाच्या भांडणासारखी भांडणं चालतात. मी हवेच्या पक्षात आहे.

तर खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी मशिनं बंद ठेवून पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. मला नेमकी सुट्टी होती. म्हटलं, घरच्या यंत्राने काय घोडं मारलंय? बायको माहेरी देहूरोडला गेलेली, त्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं. आईने तर ताम्हणच पुढे केलं.

दीपमाला आतल्या खोलीत झोपली होती. तिची फिल्म रेंडर होत होती, म्हणजे संगणक एकेक चित्र तयार करून बाहेर काढत होता. त्याच संध्याकाळी फिल्म कॉलेजला पाठवायची होती, नाहीतर तिचं वर्ष बुडणार होतं. हे तिने मला सांगितलं होतं. पण पडदा काळा दिसला आणि मी धरून चाललो की काम झालं. आमच्या प्रेसला पडदा नसतो.

मशीन उघडण्याआधी मेन बंद करायचा आणि त्याला कुलूप घालायचं, हा कंपनीचा नियम. आपण आत हात घातलेला असताना दुसऱ्याने चालू करू नये म्हणून. नियम पाळणारा माणूस घरीही नियम पाळतो. मी अख्ख्या फ्लॅटचा मेन खाली पाडला, कंपनीतून आणलेलं लाल कुलूप दाबून लावलं आणि त्याला धोक्याची पाटी अडकवली. मग संगणक उघडला, ग्राफिक्स कार्ड काढून पाटावर ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडू ठेवला. फोटो ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं, भाऊ, कुंकू थर्मल पेस्टच्या आधी लावायचं की नंतर?

मी उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात पंखा बंद पडल्याने दीपमाला उठून बाहेर आली. तिने पाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाबा, लाइट चालू करा," ती म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी खिसा चाचपला. पूजेसाठी नेसलेल्या पीतांबराला खिसा नसतो. चावी गणवेशाच्या खिशात होती आणि गणवेश चाकणला, लॉकरमध्ये.

दीपमालाने पक्कड आणली. मी तिला समजावलं की चावीशिवाय असं कुलूप तोडायचं तर आधी सेफ्टी ऑफिसरची सही लागते.

"आन हिकडं," आई म्हणाली. "मी देते अंगठा."

मी स्कूटर काढली आणि पीतांबरावरच चाकणला निघालो. गेटवरच्या नव्या वॉचमनला वाटलं, पूजेचा गुरुजी आला. त्याने मला थेट प्रेसपुढे नेऊन बसवलं. मी कसंबसं अथर्वशीर्ष म्हटलं, दक्षिणा नाकारली आणि चावी घेऊन पळालो. परतीला चाकणच्या चौकात जे अडकलो ते अडकलोच.

घरी आलो तर जिन्यात एक नारिंगी वायर. समोरच्या शेखरच्या दारातून निघून आमच्या दारात शिरलेली. संगणक चालू. दीपमालाने दाढीच्या ब्रशने कुंकू झाडून कार्ड स्वतः बसवलं होतं. मुदत संपता संपता फिल्म कॉलेजला गेली. मी मुकाट्याने कुलूप काढलं. मला फार वाईट वाटत होतं, पण ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर शेखरलाही बोलावून सगळ्यांनी फिल्म टीव्हीवर पाहिली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सापडलेल्या म्हशीची गोष्ट. म्हैस शेवटी गोठ्यात पोचते आणि मालक तिच्या पाठीवरून हात फिरवतो, तिथे माझेही डोळे भरून आले. पडदा काळा झाला. या वेळी मी थांबलो.

"संपली?" मी विचारलं.

"संपली."

"शेवटी आभाराची नावं नसतात का?"

"होती," दीपमाला म्हणाली. "तेवढ्याच भागाचं रेंडर राहिलं. वेळच उरला नाही, मग कापली."

"अरेरे. कोणाकोणाची होती?"

"एकच होतं, बाबा. तुमचं."

शेखरने घाईघाईने पेढ्यांचा डबा माझ्यापुढे धरला. मी दोन घेतले.