पार्सलमास्तरांची स्कॉच

“स्टूल घट्ट धर,” पार्सलमास्तर वरून म्हणाले.

“धरलंय. पण एवढं वर चढून काढताय तरी काय?” खालून बायकोने विचारलं.

“स्कॉच.”

स्टूल एकदम हललं. “अहो! ती नातवाच्या लग्नाला ठेवलीय ना?”

“नातू अजून शी झाली की हाका मारतो. त्याच्या लग्नापर्यंत मी टिकेन आणि माझं लिव्हरही टिकेल, हे तू लिहून देतेस का? नाही ना? मग आज उघडणार म्हणजे उघडणार! तू घर डोक्यावर घेतलंस तरी उघडणार!”

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून, लोकरी कपड्यांच्या ढिगाखालून, त्यांनी खोका ओढला आणि आतली बाटली झोपलेलं तान्हं मूल उचलावं तशी आडवीच उचलली.

ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पार्सल विभागात उभा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना पार्सलमास्तर म्हणत. ही बाटली बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्याने आणली होती. लाकडी पिंपात अठरा वर्षं मुरलेली अस्सल स्कॉच! “मामा, मित्रांबरोबर घ्या,” असं भाच्याने बजावलं होतं. पण मास्तरांना तिच्या तोलामोलाचा प्रसंगच सापडेना. मुलाला नोकरी लागली, तेव्हा म्हणाले, नोकरी काय, सगळ्यांनाच लागते. स्वतः रिटायर झाले, तेव्हा म्हणाले, असल्या रडक्या दिवशी नको. चांगली वस्तू जपून ठेवणाऱ्यांवर खटले भरायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी बदलणार नाही. चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवायचे, आणि पाहुणे आले की म्हणायचं, “राहू दे, घरचेच आहेत.”

पण आज मास्तर जागचे हलले होते, त्याला कारण ड्रायव्हर. हा त्यांच्याच कंपनीचा ट्रक चालवायचा. बायको गेल्यापासून पलीकडच्या गल्लीत एकटा राहत होता. मध्यंतरी न्हाणीघरात त्याला चक्कर आली. तपासणीत काही निघालं नाही, तरी लेकीने फोनवरच निकाल देऊन टाकला, “बाबा, आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे कायमचं यायचं.” ड्रायव्हरने हो म्हटलं. त्याला कुणीही काहीही सांगितलं की तो हो म्हणायचा. ट्रंक भरून झाली होती आणि संध्याकाळी लेक गाडी घेऊन यायची होती. लेकीचं गाव इतकं लांब, की एकदा गेलेला म्हातारा पुन्हा या गल्लीत दिसायची आशा नको. ड्रायव्हर, मास्तर, टेलर आणि दाताचे डॉक्टर, ही चौकडी आज दुपारी शेवटची बसणार होती. आज राहिली तर ही स्कॉच चौघांनी मिळून घ्यायची कायमची राहिली.

“चांगलं आहे की,” मास्तरांची बायको म्हणाली. “भावजींना लेकीच्या हातचं वेळेवर मिळेल. त्यात रडायचं काय? आणि हे बघा, एकेक पेग. दुसरा ओतताना दिसलात तर बाटली मोरीत.”

“दुसरा काय, तिसराही ओतीन!” मास्तर म्हणाले, पण ती स्वयंपाकघरात गेल्यावर.

दुपारी तिघे आले. टेलरने काखेत संत्र्याच्या सरबताची मोठी बाटली आणली होती. ती बघून मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“हे काय आहे?”

“घालायला. नुसती कडू लागते रे.”

“अठरा वर्षं त्या लोकांनी पिंपाला पहारा दिला तो तुझं सरबत घालायला? ती बाटली दाराबाहेर ठेव, नाहीतर तिच्याशेजारी तूही बस!”

“थेंबभर साधं पाणी घालायचं,” डॉक्टर म्हणाले. “बर्फ नाही, सोडा नाही. आधी वास घ्यायचा, मग ओठ ओले करायचे. मी वाचलंय.”

“वाचलं सगळ्यांनीच आहे,” टेलर फुरंगटून म्हणाला. “प्यायला कधी मिळणार तेवढं सांगा.”

ड्रायव्हर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून खालचा रस्ता बघत होता.

मास्तरांनी चार ग्लास पुसले. “आपल्या ड्रायव्हरसाठी,” असं म्हणून त्यांनी बुचाला हात घातला आणि पिळलं. बूच निघालं. म्हणजे वरचं टोपण आणि नखाएवढा तुकडा हातात आला. बाकीचं बूच बाटलीच्या गळ्यात तसंच राहिलं.

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

“मी तेव्हाच सांगितलं होतं, उभी ठेवा,” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

“भारी बाटल्या आडव्याच ठेवतात! मोठ्या हॉटेलात मी स्वतः बघितल्यात!”

“त्या वाइनच्या रे,” डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. “स्कॉच उभी ठेवायची असते. आडवी ठेवली की दारू बुचाला खाते. पार बिस्किट झालंय त्याचं.”

टेलरने रिकामा खोका उचलून फिरवला. खोक्याच्या चारही बाजूंना वर तोंड केलेला ठसठशीत बाण छापला होता. “मास्तर, हा बाण दिसला नाही तुला? जन्मभर पार्सलंच हाताळलीस ना?”

“म्हणूनच नाही दिसला!” मास्तर उसळून म्हणाले. “पार्सल विभागात बाणाकडे कुणी बघितलंय का कधी?”

ड्रायव्हरने तेवढी मान डोलावली, कारण तीच पार्सलं त्याने ट्रकमधून नेली होती.

मग प्रयत्न सुरू झाले. टेलरने खिशातली कात्री काढली, तिने बुचाचा भुगा पडला. मास्तरांनी स्क्रू फिरवून पक्कडीने ओढला, तर स्क्रू तेवढा बाहेर आला. ते सरळ बाटलीचा गळाच फोडायला निघाले, तेव्हा डॉक्टर आडवे आले.

“काचा पोटात गेल्या तर? थांबा. सगळे माझ्या दवाखान्यात चला. तुटलेली मुळं काढण्यात माझी हयात गेली. हे बूच माझ्यापुढे काय मिजास करणार?”

“डॉक्टर, पाचला लेक येणार आहे त्याची,” मास्तर म्हणाले.

“अक्कलदाढ काढतो मी चहा निवायच्या आत!”

बाटली टॉवेलात गुंडाळून वरात रस्त्यापलीकडे निघाली. दवाखाना सुट्टीमुळे बंद होता. डॉक्टरांनी शटर अर्धं वर केलं, खुर्चीवरचा मोठा दिवा लावला, हातमोजे चढवले, मास्क लावला. खुर्चीत बाटली उभी केली आणि तिच्या गळ्याला पेशंटचा ॲप्रन बांधला.

“ॲप्रन कशाला?” टेलरने विचारलं.

“त्याशिवाय माझा हात चालत नाही. ड्रायव्हर, तू घट्ट धर.”

ड्रायव्हरने धरली. डॉक्टरांनी बारीक चिमटा गळ्यात घातला आणि सवयीने म्हणाले, “घाबरायचं नाही. अजिबात दुखणार नाही.”

तेवढ्यात शटरखालून एक गृहस्थ वाकून आत आले. त्यांचा गाल टम्म सुजला होता. आत तीन चिंताग्रस्त म्हातारे खुर्चीभोवती गोळा झालेले, आणि त्यांच्या पाठींमुळे खुर्चीतलं काही दिसेना.

“डॉक्टर, चालू आहे का?”

“इमर्जन्सी आहे! बाहेर थांबा!”

“जास्त आहे का हो?” गृहस्थांनी हळूच टेलरला विचारलं.

“वरचं आलं हातात. मूळ आत राहिलंय.”

“अरेरे! वय काय?”

“अठरा.”

“पोरच आहे की हो! आवाजसुद्धा येत नाही त्याचा.”

“येईल कुठून?” मास्तर कळवळून म्हणाले. “इतकी वर्षं आडवं होतं, उठवलंच नाही कुणी. आणि आज उठवलं तर हे असं झालं.”

आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि डॉक्टर ओरडले, “गेलं! आत गेलं सगळं!”

गृहस्थांनी दोन्ही हातांनी गाल धरला आणि ते जे शटरखालून निसटले, ते पुन्हा त्या दवाखान्यात आले नाहीत. डॉक्टर अजून त्या पेशंटसाठी हळहळतात.

बुचाचे तुकडे तुकडे होऊन स्कॉचमध्ये तरंगत होते. मास्तर मटकन स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “दर वेळी म्हटलं, पुढच्या वेळी. वाटलं, हे कुठे जातायत. कुणी कुठेच जाणार नाही, असंच धरून चाललो.”

ड्रायव्हरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाटली दुसऱ्या हातात होती.

“उठ,” टेलर एकदम म्हणाला. “रडतोस काय? गाळून पिऊ! मेलेल्या बुचाला घाबरून घरी बसणाऱ्यातले आपण नव्हे. चहाची गाळणी मात्र नको, वास लागेल तिचा. माझ्या दुकानात चला.”

टेलरने दुकान उघडलं, कोऱ्या पांढऱ्या अस्तराचा तागा काढला आणि कात्री चालवली.

“कुणाचं आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“वकिलाच्या कोटाचं. एका बाहीला अस्तर नसलं म्हणून केस हरत नाही कुणी.”

घरी आल्यावर मास्तरांनी काचेच्या जगवर अस्तर ताणून धरलं आणि डॉक्टरांनी धार सोडली. जगमध्ये सोनेरी, स्वच्छ स्कॉच उतरू लागली. खोलीभर वास पसरला. त्यात मध होता, जुन्या लाकडी पेटीचा वास होता, आणि मागे थोडा विझत आलेल्या शेकोटीचा धूर. स्वयंपाकघरातून मास्तरांची बायकोही दारात येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिने नाक मुरडलं नाही.

मास्तरांनी चार ग्लास भरले, प्रत्येकात थेंबभर पाणी घातलं. ग्लास उचलले, आणि खाली हॉर्न वाजला.

पाठोपाठ ड्रायव्हरची लेक धाडधाड जिना चढून दारात आली. “बाबा, झालं का? ह्यांनी गाडी इथवर आणली आणि ते तसेच ऑफिसच्या कामाला रेल्वेने पुढे गेले. अंधाराच्या आत हायवेला लागायला हवं. हे काय? ठेवा तो ग्लास! काका, तुम्ही तरी शहाणे ना?”

“नाही!” मास्तर उभे राहिले. “आज मी शहाणा नाही. इतकी वर्षं शहाणपणा केला, त्याचं काय झालं ते या फडक्यात बघ. तुझा बाप हा ग्लास संपवेल, मग काय न्यायचं ते ने!”

“अहो काका, गाडी बाबांनाच चालवायचीय! मी गाडी भाजीच्या दुकानापलीकडे कधी नेलेली नाही.”

मास्तरांचा हात खाली आला. एवढी यातायात केली आणि शेवटी चौथा ग्लास तसाच राहणार होता. त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं.

ड्रायव्हरने ग्लास नाकाशी नेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा आधी वास घेतला, मग ओठ ओले केले, मग सावकाश सगळा ग्लास संपवला आणि टेबलावर ठेवला.

“बाबा!”

“जन्मभर ट्रक चालवला,” ड्रायव्हर म्हणाला. “पोटात घोटभर असताना चावीला हात लावला नाही. आता लावणार नाही.”

“मुद्दाम केलंत ना हे?”

“हो, मुद्दाम केलं. मला नाही यायचं. तू विचारलंच नाहीस, नुसतं सांगितलंस. चक्कर मला तिथेही येईल. इथे आली तर उचलायला हे तिघे आहेत. तिथे तू दिवसभर कामावर, आणि मी तुझ्या सोफ्यावर.”

त्या माणसाला एका दमात इतकं बोलताना त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. लेकीचे डोळे पाणावले, पण पोरगी हट्टी. ती वळली.

“डॉक्टरकाका, तुम्हाला येते ना गाडी? तुम्ही अजून घेतलेली नाही. आम्हाला सोडा, सकाळी परत या.”

डॉक्टरांनी आपल्या भरलेल्या ग्लासकडे बघितलं. वास घेतला नाही, ओठ ओले केले नाहीत. अठरा वर्षं मुरलेली स्कॉच त्यांनी खोकल्याच्या औषधासारखी एका दमात घशात ओतली.

“घेतली,” ते खोकत म्हणाले.

टेलरला सायकलसुद्धा धड येत नव्हती, तरी त्यानेही खबरदारी म्हणून आपला ग्लास संपवला.

लेकीने डोळे पुसले आणि दाराकडे बघितलं. “काकू, तुम्हाला येते. कंपनीच्या जीपवर बाबांनीच शिकवली होती तुम्हाला. काका तर त्या जीपमध्ये बसायलाही घाबरायचे. काकू, तुम्ही चला. तुम्ही तर आयुष्यात थेंब घेतलेला नाही.”

सगळ्यांचे चेहरे उतरले. मास्तरांच्या बायकोने हात पुसले, पुढे आली आणि लेकीच्या हातातल्या चावीकडे बघितलं. मग ड्रायव्हरकडे बघितलं. तो पुन्हा खाली मान घालून बसला होता.

तिने नवऱ्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, नाक चिमटीत धरलं आणि तळापर्यंत प्यायली.

“शी!” ती डोळे मिटून म्हणाली. “हे जपत होतात होय?” मग घसा खाकरून लेकीला म्हणाली, “मलाही आता चालवता येणार नाही गं. चपला काढ, आत ये. भात टाकते.”