गालिचा धुण्याचं यंत्र आणि कळसाडीचा पूल

शहाद्याच्या कचेरीत गालिचा एकच होता, आणि तो स्वच्छ होता. तरीही विकास खात्याने गालिचे धुण्याचं विलायती यंत्र ट्रकवर चढवून शहाद्याला पाठवलं, कारण खात्याकडे एक ट्रक शिल्लक होता. यंत्र नाझर चुनीलालच्या ताब्यात आलं. प्रात्यक्षिक बघायला खुद्द मंत्रिमहोदय येणार होते, आणि यंत्र काही केल्या चालेना.

म्हणजे आवाज भरपूर करी. ट्रक थरथरे, एका नळीतून गालिच्यावर गरम पाणी पडे; पण ते पाणी दुसऱ्या नळीने ओढून घ्यायचं, ते मात्र होत नसे. गालिचा भिजे आणि भिजलेलाच राही.

"मंत्र्यांसमोर असं झालं तर बदली," मामलेदारसाहेब म्हणाले. "तुमची आणि माझी. पण आधी तुमची."

धुळ्याहून अभियंते उदेसिंग आले. त्यांनी दुसऱ्या नळीच्या तोंडाशी हात धरला. हाताला वारा लागला.

"ओढ उत्तम आहे," ते म्हणाले. "दोष गालिच्यात आहे. यात धूळच नाही. धूळ नसेल, तर पाण्याने परत यायचं कशासाठी?"

मुद्दा बिनतोड होता. गालिच्यावर कुणी पाय ठेवत नसे. अर्ज-विनंत्यावाले तर दाराबाहेर उभं राहूनच बोलत. चुनीलालने अंगणातली टोपलीभर माती आणून पसरली. उदेसिंगांनी ती नाकारली. "ही वरवरची झाली. पायांनी मुरवलेली हवी."

चुनीलाल तडक बाजारात गेला. तिथे त्याला कळसाडी गावची तापीबाई दिसली. नाला तुडवून आल्यामुळे ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. चुनीलालला देव भेटल्यासारखं झालं.

"तापीमाय, कचेरीमा चाल. साहेबना गालिचावर चालानं शे."

ती घाबरली. "भाऊ, मन्हा हातथीन काय गुन्हा व्हयना?"

तिची समजूत घालता घालता आणखी वीसेक चिखलाचे पाय गोळा झाले. कचेरीत गालिच्यावर माणसं आधी दबकत चालली, मग बसली, मग बोलू लागली. साहेबांना कुणाला उठवता येईना. चिखल मुरायचा होता.

"साहेब, नालावर पूल बांधी द्या," तापीबाई म्हणाली. "पानी उनं का पोरे शाळाले जातस नही."

साहेबांनी आयुष्यात प्रथमच एक तक्रार शेवटपर्यंत ऐकली. चुनीलालचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. यंत्र सुरू झालं, आणि दुसरी नळी उलटी जोडली असल्याचं त्याच क्षणी उघड झालं. गालिचा स्वच्छ होता तोवर ओढणं आणि फुंकणं यांतला फरक कुणाला कळत नव्हता. आता तो मंत्र्यांच्या टोपीपासून धोतरापर्यंत दिसू लागला.

"हा चिखल कुठला?" मंत्री गरजले.

चुनीलाल इतका घाबरला, की खरं बोलून गेला. "कळसाडीचा, साहेब."

"मग यंत्राची खरी गरज कळसाडीला आहे. तिकडे पाठवा!"

कळसाडीत गालिचा नव्हता, पण तो विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. ट्रक निघाला आणि नाल्यात रुतून बसला. गावाची पोरं वर्षानुवर्षं अडत होती तेव्हा काही हललं नव्हतं. सरकारी ट्रक अडताच पूल मंजूर झाला, आणि नवल म्हणजे बांधलाही गेला. त्यावर पाटी लागली : 'हा पूल गालिचा-यंत्राच्या वाहनासाठी राखीव आहे. इतरांनी नाल्यातून जावे.' पुलाच्या राखणीवर चुनीलालची बदली झाली.

नाला भरला त्या दिवशी तापीबाई डोक्यावर भारा घेऊन आली.

"चुनीभाऊ, पूलवरथीन जाऊ का?"

चुनीलालने मागेपुढे पाहिलं. "पाटी वाची ले, माय."

"माले कोठे वाचता येस?"

"मंग जाय."

ती गेली. तिच्यामागून तिच्यासारखीच बरीच माणसं गेली. गुरुजी, तलाठी आणि सरपंच मात्र पाटीपाशी थांबले. त्यांनी ती नीट वाचली, धोतरं वर खोचली आणि ते पाण्यात उतरले.

आपणही हे सगळं, पाटीसकट, इथवर वाचलंत. तेव्हा नाल्यात उतरताना चपला तेवढ्या हातात घ्या.